‘मला जगायचंच नाही’ असं घरातलं मूल म्हणालं तर

आधी तातडीचं. मुलानं काही खाल्ल्याची शंका असेल, स्वतःला इजा केली असेल किंवा ते या घडीला जिवाचं बरंवाईट करायच्या बेतात असेल, तर पुढचं वाचत बसू नका. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. ती घाट चढून यायला वेळ लागणार असेल तर वाडीतली मिळेल ती रिक्षा, टेम्पो, गाडी काढा आणि जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात पोचा. मीठपाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका. त्यानं घात होतो, अपाय वाढतो. जे पोटात गेलं असेल त्याची बाटली किंवा पाकीट सोबत घ्या. मूल ‘आता बरं वाटतंय’ म्हणालं तरी डॉक्टरांनी तपासल्याशिवाय घरी आणू नका. पोलिसांची मदत लागली तर ११२.

इतकी निकड नसेल, पण मनात पाल चुकचुकली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. तुम्ही आई असाल, आजी असाल, शाळेतल्या बाई असाल किंवा मुंबईहून फोनवर भाचीशी बोलणारे मामा असाल. कोकणातल्या कितीतरी घरांत बाप मुंबईला, आखातात किंवा बोटीवर असतो, आई काजू-आंब्याच्या कामात किंवा मासळी बाजारात, आणि मूल आजीपाशी. त्यामुळे मुलाच्या मनातलं पहिल्यांदा कळतं ते बहुतेकदा आईबापांना नाही, मधल्याच कुणाला तरी. तो माणूस तुम्ही असाल तर तुम्हाला डॉक्टर व्हायचं नाहीये. सरळ विचारायचं, ऐकायचं, घर सुरक्षित करायचं, दुसरी माणसं जोडायची आणि नंतर विसरून जायचं नाही.

काय दिसतं

काही मुलं तोंडानं सांगतात. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’, ‘तुम्हाला माझा त्रास लवकरच संपेल’, ‘आता काही अर्थ नाही’. हे रागात म्हटलेलं असलं तरी सोडून देऊ नका. ‘नाटकं करते’, ‘लक्ष वेधून घेतो’ ही वाक्यं घरात फार सहज येतात. लक्ष वेधण्यासाठी मूल मरणाची भाषा वापरत असेल, तर त्याला लक्ष हवंच आहे. ते द्या.

बाकीची वागण्यातून कळतात. झोप उडते किंवा दिवसभर अंथरुणातून उठवत नाही. क्रिकेटचा नाद, भजनाची डबलबारी, शिमग्याची गडबड, ज्यात जीव होता ते सुटतं. मित्रांचे फोन घेणं बंद होतं. अंगावर लांब बाह्या चढतात आणि भर उन्हाळ्यातही उतरत नाहीत. आवडती वस्तू भावंडाला देऊन टाकली जाते. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगते: कित्येक दिवस कोमेजलेलं मूल अचानक शांत, हसतमुख झालं, तर सुटकेचा निःश्वास टाकण्याआधी त्याच्यापाशी बसा. कधी कधी मनात काहीतरी ठरून गेल्यामुळेही तशी शांतता येते.

या वयात चिडचिड असतेच. फरक ओळखायचा तो बदलावरून. हे मूल आधी असं नव्हतं, आणि दोन आठवडे झाले तरी असंच आहे, एवढं कारण विचारायला पुरेसं आहे. घरात किंवा वर्गात कुणी नुकतंच असं गेलं असेल, मुलानं आधी कधी प्रयत्न केला असेल, घरात दारू आणि मारहाण असेल, तर दोन आठवडेही थांबू नका.

विचारायचं कसं

सगळ्यात मोठी भीती असते ती ही, की विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घातला जाईल. तसं होत नाही. यावर जगभर अभ्यास झाले आहेत आणि त्यांत विचारल्यानं धोका वाढल्याचं दिसलेलं नाही. उलट मुलाला पहिल्यांदा वाटतं, की हे कुणाशी तरी बोलता येतं.

जागा महत्त्वाची. ओट्यावर नको, तिथे येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारपूस करतो. जेवताना सगळ्यांसमोर नको. कोकणातली घरं मोठी असली तरी त्यांत एकांत कमी असतो, माजघरातलं बोलणं पडवीत ऐकू येतं. म्हणून बाहेर पडा. बागेत पाणी द्यायला जाताना, पुळणीवर चालताना, गाडीवरून बाजारात जाताना मुलं जास्त बोलतात, कारण समोरासमोर डोळ्यांत बघावं लागत नाही. शब्द तुमच्या घरातले वापरा. मालवणी बोलत असाल तर मालवणीतच विचारा. अशा वेळी पुस्तकी मराठी परकी वाटते.

सुरुवात जे दिसलं त्यापासून करा. ‘बाय, महिनाभर तू नीट जेवत नाहीस. रात्री तुझ्या खोलीत दिवा असतो. मला काळजी वाटते.’ मग थांबा. ती गप्प राहिली तर गप्प राहू द्या. मग आडवळण न घेता विचारा: ‘कधी कधी खूप त्रास झाला की माणसाला मरून जावंसं वाटतं. तुला तसं वाटतं का?’

‘तू असलं काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?’ असं विचारू नका. त्या प्रश्नातच ‘नाही’ म्हण, अशी विनवणी आहे आणि मूल तुमच्यासाठी ‘नाही’ म्हणून टाकतं.

उत्तर ‘हो’ आलं तर तुमचे हातपाय गळतील. तसं वाटलं तरी चालेल, फक्त त्या क्षणी रडारड, देवाच्या शपथा, ‘आम्ही तुझ्यासाठी किती खस्ता खाल्ल्या’ हे सगळं आवरा. एवढंच म्हणा: ‘बरं झालं मला सांगितलंस. हे एकटीनं किती दिवस वागवत होतीस? मी आहे, आपण दोघी मिळून बघू.’ आणि ऐका. कारण तुम्हाला क्षुल्लक वाटेल. इन्स्टावर कुणी ब्लॉक केलं, प्रॅक्टिकलला सर सगळ्यांसमोर ओरडले, मैत्रिणींनी गटातून काढलं. त्याचं वजन तुमच्या तराजूत करू नका. ‘आमच्या वेळी आम्ही नदी पोहून शाळेत जायचो’ या वाक्यानं आजवर कुठल्याही मुलाचं दुःख हलकं झालेलं नाही.

पुढचे तीन प्रश्न

मरणाचा विचार येणं आणि ठरवून टाकणं यात अंतर आहे, आणि ते समजून घ्यायला हवं. विचारा: हे विचार कधीपासून आणि किती वेळा येतात? कसं करायचं, कधी करायचं, असं काही मनात ठरवलं आहे का? त्यासाठी काही जमवून ठेवलं आहे का, किंवा आधी कधी काही केलं होतं का?

ठरवलं आहे आणि साधन हाताशी आहे, असं उत्तर आलं, तर हा तातडीचा प्रसंग आहे. त्याच दिवशी रुग्णालय, आणि तोवर एक क्षणही मुलाला एकटं ठेवायचं नाही. विचार येतात पण बेत नाही, असं असेल तर थोडी उसंत आहे. ती घर आवरण्यासाठी आणि माणसं जोडण्यासाठी वापरा. बेत नसणं म्हणजे धोका नाही, असं मात्र समजू नका. या वयात मन तासाभरात पालटतं.

घर सुरक्षित करणं

हे काम सगळ्यात साधं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं आहे. टोकाची लहर बहुतेकदा फार काळ टिकत नाही. ती असते तेवढा वेळ हाताशी काही नसलं तर जीव वाचतो. जगभरच्या अनुभवातून पक्कं समजलेल्या गोष्टींपैकी ही एक आहे. ‘ज्याला करायचं तो कसंही करतो’ हा आपल्याकडचा समज खोटा आहे.

आपल्या घरांत बघायचं ते असं. आंब्याला मोहोर आला की फवारणीची औषधं घरात येतात आणि उरलेल्या बाटल्या पडवीच्या कोपऱ्यात, खोपीत, कलमांच्या बागेतल्या मांगरात वर्षभर पडून राहतात. त्या गोळा करून कुलपात ठेवा, शक्य असेल तर काही महिने दुसऱ्याच्या घरी ठेवायला द्या. उंदराचं औषध काढून टाका. आजीच्या रक्तदाबाच्या, साखरेच्या, झोपेच्या गोळ्यांचा डबा देवघराजवळच्या फडताळात उघडा असतो. तो मोठ्या माणसाच्या ताब्यात, कुलूपबंद हवा आणि घरात एका वेळी आठ-दहा दिवसांच्याच गोळ्या असाव्यात. वानर-डुकरांसाठी शेतीसंरक्षणाची परवान्याची बंदूक असेल तर पोलीस ठाण्यात विचारून ती काही काळ जमा करा. कोयती, आकडी नजरेआड ठेवा.

हे चोरून करू नका. मुलाला सांगा: ‘तुझ्यावर अविश्वास म्हणून नाही. वाईट क्षण आला तर तो निघून जाईपर्यंत तू सुरक्षित राहावास म्हणून.’ घराबाहेरच्या जागांना कुलूप लावता येत नाही. तिथे सोबत हाच उपाय. पहिले काही दिवस रात्री खोलीत कुणीतरी झोपावं आणि आतून कडी लावायची नाही, हे मुलाशी बोलून ठरवावं.

कुणाला सांगायचं

मूल म्हणेल, ‘कुणाला सांगणार नाही अशी शपथ घे.’ ही शपथ घेऊ नका. म्हणा: ‘तुझी गोष्ट गावभर होणार नाही, हा शब्द देते. पण तुझ्या जिवाचा प्रश्न आहे तिथे मी एकटी पुरणार नाही. कुणाला सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू.’ मग खरोखर मिळून ठरवा.

आईबापांना कळायला हवं, एक अपवाद सोडून: घरातलाच कुणी मुलाला छळत असेल. मारहाण किंवा लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीवर फोन करा. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्यानं ती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. फोटो-व्हिडिओ दाखवून कुणी धमकावत असेल तर पैसे देऊ नका, संदेश पुसू नका, त्यांचे स्क्रीनशॉट ठेवा आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार करा. अशा प्रकरणात मुलाला ऐकायला मिळालं पाहिजे, की ‘चूक त्यानं केली, तू नाही.’

मुंबईत किंवा दूर असलेल्या वडलांना सांगताना एक पथ्य. घाबरून रात्री अकराला फोन करून ‘तुमच्या मुलानं असं म्हटलंय’ एवढंच सांगितलं, तर तिकडून पहिला येतो तो राग. आधी स्वतः शांत व्हा, मग सांगा: ‘दादा, तो आत्ता सुरक्षित आहे, मी त्याच्यापाशी आहे. त्याला खूप त्रास होतोय. तू त्याला ओरडू नकोस, फोनवर फक्त एवढं म्हण, की मी येतोय.’ आणि जमेल तर त्यांनी यावं. गणपतीला रजा मिळते, तशी यालाही मागावी.

डॉक्टरांपर्यंत

पहिली पायरी घरबसल्या होते. १४४१६ ही केंद्र सरकारची टेली मानस मदतवाहिनी १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती चोवीस तास चालते, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांक लागला नाही तर १८००-८९१-४४१६ लावा. मूल बोलायला तयार नसेल तर तुम्ही स्वतः फोन करून ‘मी काय करू’ असं विचारू शकता. रेंज घरात येत नसेल तर ती कुठे येते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मुलाला तिथे एकटं न पाठवता सोबत जा. दोन्ही क्रमांक कागदावर लिहून ठेवा, फोनची बॅटरी संपलेली असू शकते.

मग प्रत्यक्ष डॉक्टर. सरकारी मनोरुग्णालय रत्नागिरीत आहे. त्या नावाला घाबरून कित्येक घरं मागे फिरतात. पण तिथेही बाह्यरुग्ण विभाग असतो, तपासून, औषध घेऊन माणूस संध्याकाळच्या गाडीनं घरी येतो. रत्नागिरी, अलिबाग आणि ओरोसच्या जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाविषयी चौकशी करा. त्यांचं पथक तालुक्याच्या रुग्णालयात कुठल्या दिवशी येतं, हे कळलं तर एक लांबचा प्रवास वाचतो. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिकही असतं. गावातल्या आशाताईंना यातलं बरंच माहीत असतं. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनाही आधी दाखवता येतं, फक्त ‘अशक्तपणा आहे’ असं सांगून बाटली लावून घेऊ नका. खरं कारण सांगा. परतीची शेवटची एसटी कधी आहे ते बघून निघा, म्हणजे डॉक्टरांसमोर बसल्यावर घड्याळाकडे लक्ष जाणार नाही. आणि मुलाला डॉक्टरांशी काही वेळ एकट्यानं बोलू द्या.

औषधं सुरू झाली तर लगेच फरक दिसत नाही, काही आठवडे लागतात. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी तरुण मुलांमध्ये सुरुवातीला अस्वस्थता वाढू शकते, म्हणून त्या दिवसांत लक्ष जास्त हवं आणि तसं दिसलं तर डॉक्टरांना फोन हवा. गोळी तुमच्या हातानं द्या. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका.

कायद्याची भीती अनेकांना अडवते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं असं मानलं आहे, की प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, त्याला शिक्षा नव्हे तर उपचार मिळायला हवेत. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नाही. रुग्णालयात नोंद होईल, पोलीस जबाब घ्यायला येतील. त्या धास्तीनं काय झालं ते डॉक्टरांपासून लपवू नका, उपचार चुकतील.

आता देवाचं. घरातली माणसं ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालतील, नारळ ठेवतील, कौल लावतील. त्यावरून आजीशी भांडू नका. गाऱ्हाण्यानं घराला धीर येत असेल तर येऊ द्या, फक्त डॉक्टरांची तारीख त्यासाठी पुढे ढकलू नका. पण भगताकडे नेऊन ‘बाधा’ उतरवण्यासाठी मारणं, धुरी देणं, उपाशी ठेवणं सुरू झालं तर तिथे ठाम उभे राहा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे.

एक कागद

मूल जरा स्थिरावलेलं असताना त्याच्यासोबत बसून एक कागद लिहा. लिहायचं त्यानं, त्याच्या शब्दांत. वाईट वेळ येतेय हे मला कशावरून कळतं. तेव्हा मी एकटा काय करू शकतो: डोक्यावर गार पाणी, गाणी, कुत्र्याला घेऊन बंदरापर्यंत फेरी. कुणाच्या घरी नुसतं जाऊन बसू शकतो. कुणाला सांगू शकतो, त्यांचे क्रमांक. मग १४४१६ आणि १०८. घरातल्या कुठल्या वस्तू कुणाच्या ताब्यात आहेत. आणि शेवटी, मला कशासाठी राहायचं आहे. तिथे ‘मांजरीची पिल्लं’ असं लिहिलं तरी ते पुरेसं आहे. कागदाचा फोटो मुलाच्या आणि तुमच्या फोनमध्ये ठेवा.

शाळा आणि निकाल

कोकण विभागीय मंडळाचा निकाल राज्यात पहिला येतो, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. २०२४ च्या दहावीला तो ९९ टक्क्यांच्या वर होता. पण याची दुसरी बाजू बघा. जिथे सगळेच पास होतात तिथे नापास झालेलं मूल अख्ख्या वाडीत एकटं असतं. निकालाच्या दिवशी दुपारी त्याला मोबाइल देऊन घरात एकटं ठेवू नका, आणि पेढे वाटायला येणाऱ्यांना दारातूनच प्रेमानं वाटेला लावा. पुरवणी परीक्षा काही आठवड्यांतच असते, दहावीला एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, हे त्याला निकालाच्या आधीच सांगून ठेवा.

शाळेत एका विश्वासू शिक्षकाला सांगा, सगळ्या स्टाफरूमला नाही. मागा तेही नेमकं: गृहपाठात सवलत, वर्गात सगळ्यांसमोर न बोलणं, वाईट वाटलं तर बाहेर बसायची मुभा.

नंतरचे आठवडे

रुग्णालयातून घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक असतात, आणि नेमकं तेव्हाच घर ‘सुटलो एकदाचे’ म्हणून सैल पडतं. पुढची तारीख चुकवू नका. पावसात रस्ता बंद होण्याची शक्यता असेल तर गोळ्या आधी आणा, आणल्यावर कुलपात ठेवा.

वाडीत बातमी पसरेल. विचारणाऱ्यांना द्यायचं एकच उत्तर घरात सगळ्यांनी ठरवून घ्या. ‘बरं नव्हतं, आता उपचार चालू आहेत’ एवढं पुरतं. मुलासमोर त्याची गोष्ट पाहुण्यांना सांगू नका. त्याला हळूहळू नेहमीच्या कामांत घ्या, नाजूक काचेसारखं जपत बसू नका. मासळी आणायला पाठवा, जाळं विणायला बसवा, आरतीत झांजा त्याच्याच हातात द्या. आणि आठवड्यातून एकदा, न चुकता, तोच प्रश्न पुन्हा विचारा: ‘ते विचार या आठवड्यात आले का?’ पहिल्यांदा जड जातो, नंतर दोघांनाही सवय होते.

मधेच पुन्हा वाईट दिवस येतील. त्याचा अर्थ सगळं वाया गेलं असा नाही. कागद काढायचा, डॉक्टरांना फोन करायचा, रात्रीची सोबत पुन्हा सुरू करायची. ही सोबत एकाच बाईच्या गळ्यात पडते, बहुधा आईच्या नाहीतर आजीच्या, आणि चार रात्रींत ती खचते. काकी, आत्या, मोठा चुलतभाऊ यांच्या पाळ्या लावा. जागरणानं तुमचीच झोप उडाली, छातीत धडधडायला लागलं, तर १४४१६ वर स्वतःसाठीही बोला आणि मुलाच्या पुढच्या तारखेला तुमचा केसपेपरही काढा.